वर्षअखेरचे वेतनपत्रक : मार्चचा भार मार्चवर नको

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. पुढे त्याच्या आधाराने यंत्रजोडणीचे व सुट्या भागांचे अनेक लहानमोठे उद्योग या परिसरात उभे राहिले. नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे नेहरू नगरसारख्या वसाहतींत स्थिरावली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरांत एप्रिलच्या आरंभी एक प्रश्न हमखास निघतो : मार्चचा पगार इतका कमी कसा आला?

या प्रश्नाचे उत्तर मार्चमध्ये नसते. ते बहुधा मागील काही महिन्यांत दडलेले असते.

अंदाजावर चालणारी कपात

वेतनावरील करकपात, म्हणजेच टीडीएस, ही त्या त्या महिन्याच्या पगारापुरती नसते. कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या वेतनाचा अंदाज बांधून त्यावरील कर काढला जातो आणि तो महिन्यांत विभागला जातो. अंदाज चुकल्यास कमीअधिक रक्कम पुढील महिन्यांत समायोजित करण्याची मुभा कायद्याने नियोक्त्यास दिली आहे. मार्च हा त्या समायोजनाचा शेवटचा महिना होय. त्यामुळे वर्षभराची सारी तूट त्याच पगारावर येऊन पडते.

एक उदाहरण पाहू. समजा, एक अभियंता एप्रिल ते सप्टेंबर 2025 या काळात नागपूरच्या कंपनीत दरमहा 1,20,000 रुपयांवर होता. ऑक्टोबरपासून तो भिलाईच्या एका कंपनीत 1,25,000 रुपयांवर रुजू झाला व नेहरू नगरात राहू लागला. पहिल्या कंपनीने पूर्ण वर्षाचा अंदाज धरून सहा महिन्यांत 44,070 रुपये कापले. नव्या कंपनीस मात्र सहा महिन्यांचे साडेसात लाख रुपयेच दिसले. नव्या करप्रणालीत त्यावर कर येत नसल्याने तिने काहीच कापले नाही.

प्रत्यक्षात दोन्हींचे मिळून वेतन 14,70,000 रुपये होते. 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाता 13,95,000 रुपये उरतात. आर्थिक वर्ष 2025-26 च्या दरांनुसार त्यावर 89,250 रुपये कर व 4 टक्के उपकर धरून 92,820 रुपये होतात. म्हणजे 48,750 रुपयांची तूट राहिली. आधीच्या वेतनाचा तपशील ऑक्टोबरमध्येच दिला असता, तर दरमहा 8,125 रुपये कापले गेले असते. तो मार्चमध्ये दिल्यास एकाच पगारातून 48,750 रुपये जातात. मुळीच न दिल्यास विवरणपत्र भरताना ही रक्कम व्याजासह भरावी लागते. कर तेवढाच, परंतु घरभाडे, मुलांचे शुल्क आणि कर्जाचा हप्ता सांभाळणाऱ्या कुटुंबास त्यातील फरक फार मोठा वाटतो.

वेतन विभागाची पूर्वतयारी

डिसेंबर-जानेवारीतच पुढील बाबी तपासून घेणे हितावह ठरते :

– वर्षाच्या मध्यावर रुजू झालेल्या प्रत्येकाच्या आधीच्या वेतनाचा व कपातीचा तपशील.

– कर्मचाऱ्याने निवडलेली करप्रणाली. 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते; जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते.

– जुन्या प्रणालीतील गुंतवणुकीचे पुरावे व भाडेपावत्या. वार्षिक भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅन आवश्यक असतो.

– प्रत्येकाचा पॅन. त्यातील एक अक्षर चुकले, तरी कापलेला कर कर्मचाऱ्याच्या नावे जमा दिसत नाही.

– बोनस, थकबाकी व रजेचे रोखीकरण यांची नोंद.

31 मार्चनंतर

बँकांच्या वार्षिक हिशेबबंदीमुळे 1 एप्रिल रोजी बहुतेक राज्यांत ग्राहकांचे व्यवहार बंद असतात. म्हणून मार्चअखेर पगार द्यावयाचा असल्यास वेतनयादी दोन-तीन दिवस आधी बँकेकडे पोहोचणे इष्ट. 2025-26 या वर्षासाठी मार्चमधील कपात भरण्याची मुदत 30 एप्रिल, शेवटच्या तिमाहीच्या विवरणपत्राची 31 मे आणि ‘फॉर्म 16’ या नावाने परिचित असलेले प्रमाणपत्र देण्याची 15 जून अशी आहे. कापलेला कर विलंबाने भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज आणि विवरणपत्रास उशीर झाल्यास दररोज 200 रुपये शुल्क पडते. 1 एप्रिल 2026 पासूनच्या वेतनास आयकर अधिनियम, 2025 लागू असल्याने नव्या वर्षाचे नमुने स्वतंत्रपणे पाहून घ्यावेत.

वेतनपत्रक हा कंपनीच्या दृष्टीने हिशेबाचा कागद असतो, तर कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो घराचा महिना असतो. तपशील वेळेवर मागणे ही नियोक्त्याची व तो वेळेवर देणे ही कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे. दोघांनी ती डिसेंबरमध्येच पार पाडली, तर मार्चचा पगारही इतर महिन्यांसारखाच घरी येईल.