एका ऑक्सिजन अणूची करामत

उज्जैनमधून वाहणाऱ्या क्षिप्रा नदीच्या पाण्यातले आणि गाळातले ई. कोलाय जिवाणू कोणत्या प्रतिजैविकांना जुमानत नाहीत, हे संशोधकांनी ऋतूनुसार तपासलं. विशाल दिवाण, अशोक ताम्हणकर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिरोधाची जनुकंही शोधली होती.

जनुक शोधायचं, वाचायचं, तर डीएनएच्या प्रती काढाव्या लागतात. हे काम डीएनए पॉलिमरेज नावाचं विकर करतं. वाचनाची एक युक्ती फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. डीएनएच्या नेहमीच्या घटकांत एक ऑक्सिजन अणू कमी असलेले घटक थोडे मिसळायचे. असा घटक जोडला गेला की साखळी तिथेच खुंटते. ती कुठे कुठे खुंटली, यावरून अक्षरांचा क्रम लागतो.

अडचण एकच होती. ई. कोलायचं विकर हे खोटं नाणं सहसा स्वीकारत नाही. उष्ण झऱ्यांतल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं टॅक विकरही तसंच चोखंदळ. ई. कोलायला संपवणाऱ्या टी७ विषाणूचं विकर मात्र ते बिनदिक्कत घेतं. आणि ही तिन्ही विकरं एकाच कुळातली!

हार्वर्डच्या स्टॅनली टेबर आणि चार्ल्स रिचर्डसन यांनी या भावंडांची तुलना करून नेमकी जागा हेरली. ई. कोलायमध्ये ती ७६२वी, टॅकमध्ये ६६७वी, टी७मध्ये ५२६वी. विकरांच्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांची लांबी वेगळी म्हणून क्रमांक वेगळे, जागा तीच. दोन्ही जिवाणूंत तिथे फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल आहे, विषाणूत टायरोसिन. दोहोंत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. जिवाणूंच्या विकरांत त्या जागी टायरोसिन बसवताच त्यांचा चोखंदळपणा शेकडो ते हजारो पटींनी घटला. १९९५च्या या शोधातून सुधारित टॅक आलं आणि स्वयंचलित जनुकवाचन अधिक अचूक झालं.

सारखेपणावरून नातं कळतं. गुणांचं रहस्य मात्र बहुधा फरकात असतं. प्रतिरोधाच्या जनुकांनाही हेच लागू आहे. प्रतिजैविक मोडणाऱ्या विकरातलं एखादं अमिनो आम्ल बदललं, तरी ते नव्या औषधाला पुरून उरू शकतं.

उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. लाखो लोक क्षिप्रेत उतरण्याआधी पाण्यातल्या जिवाणूंची नुसती मोजदाद पुरणार नाही. त्यांची जनुकंही नियमित वाचली गेली पाहिजेत.