लिनक्सचं कोणतं डिस्ट्रो घ्यावं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाद ठरले. अशा मशिनसाठी लिनक्स चांगला पर्याय आहे, पण डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती) निवडताना ऐकीव माहितीच जास्त आडवी येते.

गैरसमज : प्रत्येक डिस्ट्रो ही वेगळीच सिस्टीम असते.
वस्तुस्थिती : लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळ्यांच्या मुळाशी आहे. फरक पडतो तो डेस्कटॉपची मांडणी, सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत आणि अपडेटचं वेळापत्रक यांत. डेबियन 1993 चं, त्यावर बेतलेलं उबुंटू 2004 चं आणि उबुंटूवर बेतलेलं मिंट 2006 चं. म्हणूनच उबुंटूवरचा उपाय बहुधा मिंटवरही चालतो.

गैरसमज : जितकं नवं, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : नवख्याने आधी सपोर्ट किती काळ मिळणार ते बघावं. फेडोराची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जेमतेम 13 महिने सांभाळली जाते. आर्चमध्ये अपडेट अखंड येत राहतात. बिघडलं तर निस्तरायची तयारी हवी. याउलट उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मिंटची मुख्य आवृत्तीही याच एलटीएसवर उभी असते.

गैरसमज : शिकायचंच तर काली लिनक्स घ्यावं.
वस्तुस्थिती : काली हे सुरक्षा चाचणी करणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे. नवशिक्यांनी रोजच्या वापरासाठी ते घेऊ नये, असं ते बनवणारेच सांगतात.

गैरसमज : जुन्या मशिनवर कुठलंही लिनक्स पळतं.
वस्तुस्थिती : मिंटला किमान 2 जीबी रॅम लागते, पण 4 जीबी असेल तरच काम सुखाने होतं. रॅम कमी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती घ्यावी. तरी ब्राउझरची भूक कुठलंच डिस्ट्रो भागवू शकत नाही.

गैरसमज : विंडोजवरचं सगळं इथेही चालेल.
वस्तुस्थिती : फोटोशॉप, मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. लिबरऑफिस वर्डच्या फायली उघडतं, पण मांडणी कधीकधी हलते. पोट ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याची खात्री आधी करावी. युनिकोड मराठीची मात्र अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

पहिल्यांदाच वळणाऱ्याने मिंट किंवा उबुंटू एलटीएस यांपैकी एक घ्यावं. पेनड्राइव्हवरून ते इन्स्टॉल न करताच चालवता येतं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा, फायलींचा बॅकअप घ्या आणि मगच हार्ड डिस्कला हात लावा.