परमुलखातले म्हातारपण : खुलताबादचे दाखले

‘गरीब’ हा शब्द आपण पैशाच्या अंगाने वापरतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. फारसीच्या वाटेने मराठीत येईपर्यंत त्यातला परकेपणा गळाला आणि दारिद्र्य तेवढे उरले. खुलताबादेत ज्यांचा दर्गा आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव मात्र जुना अर्थ मनात ठेवूनच वाचावे. जन्म हांसीचा, उमेदीची वर्षे दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या सहवासात, आणि सत्तरी ओलांडल्यावर मुक्काम दौलताबादच्या डोंगरावर.

माझ्या वयाच्या मंडळींत हल्ली बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते. मुले अमेरिकेत, कॅनडात, नाहीतर ऑस्ट्रेलियात. ‘आता तिकडेच या’ असा फोन दर रविवारी. जावे की न जावे, यावर घराघरांत नवरा-बायकोचे अबोले झालेले मी पाहिले आहेत. त्यामुळे खुलताबादच्या कबरींकडे मी एका साध्या प्रश्नाने पाहू लागलो : ही माणसे परमुलखात म्हातारी झाली ती कशाच्या आधारावर?

बुऱ्हाणुद्दीनांनी हा मुलूख स्वतः निवडला नव्हता. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची प्रतिष्ठित माणसे दौलताबादेस हलवली, त्या लोंढ्यात दिल्लीचे सूफीही आले. निजामुद्दीनांची संभाषणे ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्झी त्यांतलाच. त्याचीही कबर खुलताबादेतच आहे. म्हणजे बुऱ्हाणुद्दीनांचे वार्धक्य परक्या भूमीत गेले, पण परक्या माणसांत नव्हे. भाषा तीच, पंगत तीच, दुखलेखुपले विचारणारे शिष्य तेच. १३३७ मध्ये ते वारले. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेल्या शहराला त्यांचे नाव दिले. बऱ्हाणपूर ते हेच.

त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. जन्म इराणातल्या शिराझचा. तिथून दिल्ली, दिल्लीहून दौलताबाद. तुघलकाने नंतर लोकांना परत दिल्लीस जाण्याचा हुकूम काढला, तेव्हा तेही उत्तरेत गेले. फिरोजशाहाने त्यांना दिल्लीतच राहण्याचा आग्रह केला, असे चरित्रपरंपरा सांगते. ते राहिले नाहीत. गुरूची कबर होती त्या डोंगरावर परतले आणि १३६९ मध्ये तिथेच देह ठेवला. राजधानी, राजाश्रय, जुना गोतावळा हे सारे दिल्लीत मिळत असताना माणूस परमुलखात परततो, तेव्हा तो मुलूख परका उरलेला नसतो. जन्माचे गाव तर तिसरेच, आणि त्याचा या निवडीत कुठे उल्लेखही नाही.

मलिक अंबरची तऱ्हा निराळी. जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून निजामशाहीत पोहोचला, आणि धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन पुढे त्याच राज्याचा कर्ताधर्ता झाला. परतीची वाट त्याला नव्हतीच. जिथून विकले गेलो तिथे जाऊन भेटायचे तरी कोणाला? मग त्याने इथेच मुळे धरली. १६१० मध्ये खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी आणले, जमिनीची मोजणी करून सारा बांधला. १६२६ मध्ये वारला. खुलताबादचा त्याचा मकबरा त्याने हयातीतच बांधून घेतला, असे मानतात. बायको सिद्दी करीमा हिची कबरही तिथेच. परदेशी निवृत्तीचा इतका पक्का बेत आजचे सल्लागारही आखून देत नसतील.

बेत न आखता इथे आलेलेही आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह दौलताबादच्या कैदेत मेला आणि खुलताबादेत पुरला गेला. त्याला कैद करणारा औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला, तो उत्तरेकडे परत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. त्याने निवडली ती फक्त कबरीची जागा, झैनुद्दीनांच्या पायाशी. मरणोत्तर त्याला ‘खुल्दमकान’ म्हटले गेले आणि आधी ‘रौझा’ म्हणून ओळखले जाणारे गाव खुल्दाबाद झाले. ‘खुल्द’ म्हणजे चिरंतन स्वर्ग. आपल्या जिभेवर त्याचे खुलताबाद झाले.

आता आजचे. तरुणाला बोलावणारे देश म्हाताऱ्याला सहज घेत नाहीत. ब्रिटनने २०१२ पासून परावलंबी आई-वडिलांसाठीचा नियम इतका आवळला की रोजची शुश्रूषा मायदेशात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण ते पाहुणेपणच. ऑस्ट्रेलियात भरभक्कम शुल्क आणि लांबलचक रांग. अमेरिकेत नागरिक मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळवून देऊ शकते. मात्र तिथे नोकरी न केलेल्यांना पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, ‘मेडिकेअर’, घेता येण्याआधी सलग पाच वर्षे तिथे काढावी लागतात, आणि तोही हप्ते भरून. नेमक्या त्याच पाच वर्षांत गुडघे आणि हृदय बोलू लागतात. थायलंडसारखे देश पन्नाशीपुढच्यांना ठेव दाखवून राहू देतात. पण तिथे आपले कोण?

इथली टोके तर सुटतच नाहीत. सरकारी निवृत्तिवेतन परदेशातही चालू राहते, फक्त वर्षातून एकदा, बहुतेकांचा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवरूनही देता येतो. परंतु वेतन रुपयांत आणि औषध डॉलरांत, हे गणित मोबाइल सोडवत नाही. नागरिकत्व बदलले की भारतीय पारपत्र जाते. त्यानंतर ओसीआय कार्डावर इथे येता-राहता येते, वडिलोपार्जित शेत सांभाळता येते, नवे विकत घेता येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे कलम व्हिसाहून जास्त टोचते.

मला कोणी विचारले तर मी आधी कागदांचे बोलत नाही. नातवंडे शाळेत आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तुम्ही कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलणार, एवढेच विचारतो. बुऱ्हाणुद्दीनांकडे याचे उत्तर तयार होते. अंबरने ते स्वतः उभे केले, पण त्याच्या हाती बरीच वर्षे होती. अडुसष्टाव्या वर्षी निघणाऱ्याकडे तेवढी नसतात. म्हणून कायमचे तिकीट काढण्याआधी एक अख्खा हिवाळा तिथे काढून पाहा, आणि तोवर इथले घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका, असे मी सांगतो. मुलांना हा सल्ला सहसा आवडत नाही. आयांना आवडतो.