चुलवणाची जागा

डिसेंबर लागला की पालघरच्या किनारपट्टीवर दोन गोष्टी हमखास होतात. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि मुंबईचे पाहुणे येतात. केळवे, माहीम, शिरगाव, तिकडे चिंचणी-तारापूरपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून लहान लहान घरं उभी राहिली आहेत. कुणी निवृत्तीनंतर बांधलेलं, कुणी सुट्टीपुरतं, कुणी भाड्यानं द्यायला. दोन खोल्या, पुढे पडवी आणि खोलीला लागून न्हाणीघर. अशा घरात आंघोळीच्या गरम पाण्याचा प्रश्न निघतो. वाडीत विजेचा दाब वर-खाली होतो, गिझर लावला की पंप बंद ठेवावा लागतो, म्हणून मंडळी सरळ गॅसचा गिझर आणतात. भिंतीवर टांगायची पत्र्याची पेटी आणि खाली सिलिंडर. नळ सोडला की दोन सेलवर ठिणगी पडते, जाळ पेटतो आणि अर्ध्या मिनिटात कढत पाणी.

मला या पेटीबद्दल तक्रार नाही. ती कुठल्या भिंतीवर टांगायची, एवढंच सांगायचं आहे.

आमच्या लहानपणी आंघोळीचं पाणी मागीलदारी तापायचं. तीन दगडांचं चुलवण, त्यावर काळा पडलेला हंडा, आणि खाली झावळ्या, करवंट्या, वाळलेल्या पोया. ऐपतीच्या घरी तांब्याचा बंब असे. त्याच्या पोटातून नळकांडं वर गेलेलं, म्हणजे धुराला स्वतःची वाट. तोही परसात किंवा पडवीच्या कडेला. पाणी बादलीतून आत यायचं, विस्तव बाहेरच राहायचा. यामागे कुणी रसायनशास्त्र शिकलेलं नव्हतं. धूर डोळ्यांत जातो म्हणून विस्तव बाहेर, इतकंच. गॅसला धूर नाही, काजळी नाही, तेव्हा तो आत यायला हरकत नाही असं आपल्याला वाटू लागलं. पण गॅसचा गिझर म्हणजे चुलवणच. जाळ तोच, फक्त तो पांढऱ्या पेटीत झाकलेला.

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेल्या माझ्या एका स्नेह्यांनी केळव्याकडे वाडीत असं घर बांधलं. गिझर बसवायच्या दिवशी मी तिथे होतो. बोईसरहून आलेल्या मुलानं न्हाणीघरात, नळाच्या वरच, खुणा करायला सुरुवात केली. स्नेही म्हणाले, "आत नको, बाहेरच्या भिंतीवर लाव." मुलानं माझ्याकडे पाहिलं. "चाचा, तुम्ही तरी सांगा यांना. सगळीकडे आतच लावतात. बाहेर लावला तर पाइप वाढतो, पत्रा मारावा लागतो, खर्च होतो." मुलगा खोटं बोलत नव्हता. सगळीकडे आतच लावतात हे खरंच आहे.

माझे स्नेही वाद घालणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब मांडला. तो मी जपून ठेवला आहे, कारण गणिताशी माझं फारसं सख्य नसूनही तो मला कळला. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर तासाला जवळजवळ १ किलो गॅस जळतो. पाठोपाठ दोघांच्या आंघोळीला २० मिनिटं धरली तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. १ किलो गॅस पुरता जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे साधारण १३ घनमीटर. त्या हिशोबानं २० मिनिटांना ४ घनमीटरहून थोडी जास्त. आणि न्हाणीघर केवढं? ४ फूट रुंद, ६ फूट लांब, ८ फूट उंच. म्हणजे ५.४ घनमीटर. दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकीही लावलेली. दोघांच्या आंघोळीत त्या खोलीतली पाऊण हवा जाळाला लागणार. आणि त्याच हवेत माणूस श्वास घेत उभा आहे.

प्रत्यक्षात इतकी हवा संपायच्या आधीच जाळ बिघडतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी ज्वलन अर्धवट होऊ लागतं आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. म्हणजे फुप्फुसं चालू, श्वास चालू, पण रक्तातून प्राणवायूची वाहतूक बंद. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं, उपाशीपोटी कढत पाण्यानं आंघोळ केली म्हणून असेल. बाहेर जावं असं मनात येईपर्यंत पायांतलं बळ गेलेलं असतं, आणि दाराला आतून कडी असते.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. "गॅसचा वास आला की कळेलच ना!" वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचं उग्र दर्पाचं द्रव्य मिसळतात. ते जाळात जळून जातं. म्हणून गळती नाकाला कळते, कार्बन मोनॉक्साइड कळत नाही.

साहित्याच्या माणसाला इथे एमिल झोला आठवल्याशिवाय राहत नाही. ड्रेफसच्या बाजूनं सगळ्या फ्रान्सशी भांडलेला हा लेखक २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरात गेला. शेगडीचं धुराडं तुंबलेलं होतं, खोली बंद होती. पत्नी शेजारीच होती, ती वाचली. धुराडं कुणी मुद्दाम बुजवलं का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. वायूला त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं.

आपल्याकडे असं पूर्वी फारसं का ऐकू येत नसे? माझं मत असं की आपली घरं गळकी होती म्हणून. कारवीच्या कुडाला शेणाचा गिलावा दिलेली वारली झोपडी घ्या, नाहीतर मंगलोरी कौलांचं वाडवळी घर. कौलांच्या सांधींतून उजेडाचे कवडसे येत आणि त्याच सांधींतून विस्तवाची वाफ बाहेर जात असे. बाळंतिणीच्या खाटेखाली ओवा, बाळंतशेपा टाकलेली शेगडी ठेवत, ती अशा घरात खपून गेली. आता स्लॅब आहे, सरकत्या काचा आहेत, डास येऊ नयेत म्हणून फटीसुद्धा बुजवलेल्या आहेत. घर बदललं, शेगडीची सवय तीच राहिली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीभोवती एकेका खोलीत चार-पाच कामगार राहतात. तिथे थंडीच्या रात्री पाटीत निखारे घेऊन दार लावून झोपणं, यात गॅसच्या गिझरचाच धोका आहे, किंबहुना जास्त. झोपलेल्याला डोकं दुखल्याचंही कळत नाही.

गंमत अशी की आमच्याकडे वायूची धास्ती मोठी. वसाहतीकडून रात्री उग्र वास आला की लोक घराबाहेर येतात, फोनाफोनी होते. अणुभट्टीबद्दल तर १९६९ पासून लोक दबक्या आवाजात बोलत आले आहेत. स्नेही म्हणाले, "आम्ही छातीला बिल्ला लावून कामाला जायचो. दिसत नाही ते मोजायला. न्हाणीघरात कोण बिल्ला लावतो?" मोनॉक्साइड ओळखून शिटी मारणारी लहान यंत्रं मिळतात, घरात जाळ असेल तर एक घ्यावं. पण ते भिंतीच्या निर्णयानंतर, त्याच्याऐवजी नाही.

तर गिझर बाहेरच्या भिंतीवर लागला. न्हाणीघराच्या खिडकीच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या बाजूला, नाहीतर बाहेरचा धूर खिडकीतून आतच यायचा. वर पत्र्याचं छप्पर, पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा, पण तिन्ही बाजू मोकळ्या. पेटीला पेटीत कोंडलं तर पुन्हा तेच. आत आला तो फक्त पाण्याचा नळ. एक्झॉस्ट फॅन लावला की गिझर आत चालतो, असं दुकानातून सांगतात. ते मला पटत नाही. पंखा हवा बाहेर फेकतो, पण बंद दारानं नवी हवा यायची कुठून? आणि वीज गेली की पंखा थांबतो, गिझर मात्र सेलवर चालूच राहतो. ज्यांचा गिझर आधीच आत आहे त्यांनी निदान पाणी बादलीत भरून घ्यावं, गिझर बंद करावा, दार-खिडकी थोडा वेळ उघडी ठेवावी आणि मग आंघोळीला जावं. आणि वीज भरवशाची असेल तर विजेचा गिझर बरा.

सिलिंडरचं थोडं सांगितलं पाहिजे. परदेशात राहणारे आपले लोक लाकडी घराबाहेर प्रोपेनची टाकी ठेवतात, ते ऐकून इथेही काही जण प्रोपेन मागतात. त्याची गरज नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जरा खाली. बर्फाच्या मुलखात ब्यूटेनची वाफच होत नाही, म्हणून तिथे प्रोपेन. आपल्या सिलिंडरमध्ये दोघांचं मिश्रण असतं आणि ते जव्हारच्या थंडीतही सुखानं चालतं. सिलिंडर गारठला, बाहेरून घाम आला म्हणून त्यावर कढत पाणी ओतणं किंवा तो आडवा करणं हा मात्र आत्मघात आहे. आडवा केला की द्रव गॅस थेट रेग्युलेटरकडे येतो.

हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि गटारात साचतो. म्हणून सिलिंडर उभा, सावलीत, जमिनीच्या पातळीवर, मोरीच्या तोंडापासून लांब. घेताना त्याच्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर पाहावं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या आणि पुढे साल. 'सी ३०' असेल तर सप्टेंबर २०३० नंतर त्याची फेरतपासणी व्हायला हवी. भिंतीतून रबरी नळी ओवू नये, तिथे धातूचाच पाइप. सांधे साबणाच्या फेसानं तपासायचे, काडी पेटवून नव्हे. वास आला तर बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, दोन्हीत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारं उघडावीत, बाहेर येऊन १९०६ हा क्रमांक फिरवावा. पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांना घरगुती सिलिंडर लावणं बेकायदा आहे. तिथे १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा.

न्हाणीघरातून आवाजाला उत्तर येत नसेल तर आधी बाहेरून गॅस बंद करावा, दार उघडावं, नाही उघडलं तर तोडावं. माणसाला मोकळ्या हवेत आणावं आणि लगेच दवाखान्यात न्यावं, शुद्ध आली तरीही. तिथे शुद्ध प्राणवायू देतात. साध्या हवेत मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तासा-दीड तासात काम होतं. आणखी एक. २०२० च्या करोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. त्यावर इथे विसंबू नये. मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त त्याला प्राणवायूनं भरल्यासारखंच दिसतं. यंत्र ९८ दाखवतं आणि माणूस जात असतो. डॉक्टरांना "गॅसचा गिझर चालू होता" हे आपणहून सांगावं.

केळव्याच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो आणि गिझरच्या आत कोळी जाळं विणतात. त्यानं जाळाची हवा अडते. जाळ निळा असावा. पिवळा होऊन डोलू लागला की वापर थांबवून माणूस बोलवायचा. स्नेह्यांकडे आता दर दिवाळीनंतर तोच बोईसरचा मुलगा पेटी उघडून झाडून देतो. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावतात, गिझरचे सेल काढून ठेवतात, आणि तीन-चार महिने वहिनी पाणी चुलीवर तापवतात.