आधी मोजा, मग बदला

ब्रेकवर पाय ठेवला की डॅशबोर्डचे दिवे मंद उजळतात. इंजिन गार असताना झटक्यात सुरू होते, पण तापलेली गाडी पेट्रोल पंपावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायचे नाव घेत नाही आणि अर्ध्या तासाने काही झालेच नव्हते अशी धावू लागते. स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांना असल्या तक्रारी नव्या नाहीत. मग एकामागून एक पार्ट बदलले जातात, बिल फुगत जाते आणि शेवटी ‘या गाडीचे वायरिंगच तसले’ असा शिक्का बसतो. माझ्या मते हा शिक्का अन्यायाचा आहे. वीज लहरीने वागत नाही. चक्रावून टाकणाऱ्या अशा बिघाडांत दोष बहुधा महागड्या पार्टमध्ये नसतो. त्या पार्टपर्यंत करंट नेणाऱ्या आणि तिथून परत आणणाऱ्या वाटेत असतो. ती वाट मोजून पाहिल्याशिवाय कोणताही पार्ट बदलू नये.

परतीची वाट सहज विसरली जाते. साध्या गाडीत बॅटरीचे निगेटिव्ह टोक पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असते. दिव्यापर्यंत करंट वायरने जातो आणि बॉडीतून परततो. यालाच गॅरेजात अर्थिंग म्हणतात. पण अमेरिकेची कॉर्व्हेट 1953 मध्ये पहिल्यांदा बनली तीच फायबरग्लासच्या बॉडीची. इंग्लंडच्या लोटस कंपनीने 1962 मध्ये आणलेली एलान पोलादी चॅसीवर फायबरग्लासचीच बॉडी घेऊन आली. वजन वाचले, पण फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे परतीसाठीही वायर ओढाव्या लागतात आणि अशा अनेक वायर एकाच ठिकाणी चॅसीला कसलेल्या असतात. त्या एका नटाखाली गंज चढला की एकमेकांशी संबंध नसलेल्या चार गोष्टी एकदम बिघडतात. ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्ड उजळण्याचे कारणही इथेच सापडते. मागच्या दिव्यात ब्रेकची आणि टेल लॅम्पची अशा दोन फिलामेंट असतात, पण दोघींचे अर्थिंग एकच. ते तुटले की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट टेल लॅम्पच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, त्याच सर्किटवरच्या डॅशबोर्डच्या दिव्यांपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्या अर्थिंगमधून परततो. भुताटकी वाटणारा हा प्रकार म्हणजे नेहमीची वाट बंद झाल्यावर विजेने धरलेली दुसरी वाट असते.

आता ही वाट मोजायची कशी? इथे अनुभवी माणसेही फसतात. मल्टिमीटरवर वायरचा रोध पाहिला, शून्याच्या आसपास आला, बीप वाजला, म्हणजे वायर चांगली असे मानले जाते. पण तशी तपासणी करताना मीटर अगदी क्षीण करंट सोडतो. वीस तारांच्या वायरमधली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. दिव्याला लागणारे चार-पाच अँपिअर मात्र ती एकटी नीट वाहून नेऊ शकत नाही. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर करंट वाहत असेल, तर ओहमच्या शंभराव्या भागाएवढा रोधही दीड व्होल्ट खातो, आणि इतका बारीक रोध साध्या मीटरला धड दिसतही नाही. म्हणून सर्किट चालू ठेवून, म्हणजे लोडवर, मोजायचे. दिवा लावायचा, मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे दिव्याच्या अर्थच्या टोकाला लावायचे. साधारण 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंतचा आकडा चालतो. तिथे दोन व्होल्ट दिसले, तर ते दोन व्होल्ट दिव्याला न मिळता वाटेतच गळत आहेत. मग टोक एकेका जोडणीवर पुढे सरकवत जायचे; आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे दोष असतो.

यावर पहिला आक्षेप असा की पार्ट खरोखरच खराब होतात, त्याचे काय? होतातच. 1982 ते 1991 या काळात बनलेल्या पोर्शे 944 मधील डीएमई रिले हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा हा छोटा रिले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी त्याच्या आतल्या सोल्डरच्या टाक्यांना बारीक भेगा पडतात. तापला की भेग उघडते आणि इंजिन बंद पडते. गार झाला की पुन्हा जुळते. अनेक मालक गाडीत जादा रिले बाळगतात. पण नीट पाहिले तर इथेही तुटलेली असते ती वाटच, फक्त डबीच्या आत. आणि पंपाला वीज पोहोचते का, हे बंद पडलेल्या क्षणी न मोजता पंप आणि कॉम्प्युटर बदलले, तर सगळा खर्च पाण्यात जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या गाड्या स्वतःच आपला बिघाड सांगतात; स्कॅनर लावला की कोड मिळतो, मग मीटर घेऊन वेळ का घालवायचा? अमेरिकेत 1996 पासूनच्या गाड्यांना ओबीडी-2 ही स्वनिदानाची पद्धत सक्तीची झाली आणि तिचा उपयोग मोठा आहे. पण ताप म्हणजे रोग नव्हे, तसाच कोड म्हणजे कारण नव्हे. ‘अमुक कॉम्प्युटरशी संपर्क तुटला’ एवढेच कोड सांगतो. तो कॉम्प्युटर जळाला, त्याची वीज गेली की वायर तुटली, हे सांगत नाही. ते बरेचदा मीटर सांगतो. बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडलेल्या कॅन पद्धतीत गाडीतले कॉम्प्युटर दोन पिळलेल्या वायरवरून बोलतात आणि या जोडीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून, स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले, तर पुष्कळ गाड्यांत 60 ओहम दिसायला हवेत. 120 आले तर वायर कुठेतरी तुटली किंवा एका टोकाचा रोध निखळला. शून्याजवळ आले तर दोन वायर एकमेकींना चिकटल्या. दोन मिनिटांचे हे काम एक महागडा कॉम्प्युटर वाचवू शकते.

तिसरा युक्तिवाद पैशाचा: शोधण्याची मजुरी देण्यापेक्षा पार्ट बदलणे स्वस्त, आणि बदलल्यावर गाडी चालते ना! चालते, पण का चालते ते पाहा. पार्ट बदलताना कपलर काढून पुन्हा बसवावा लागतो. त्यात पिनांवरचा गंज घासला जातो आणि जोडणी काही दिवस सुधारते. श्रेय नव्या पार्टला मिळते आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. येणारा-जाणारा दोष गॅरेजात दिसत नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा तो मुद्दाम आणावा लागतो: मीटर जोडून ठेवायचा आणि हेअर ड्रायरची ऊब, पाण्याचा फवारा, वायरच्या जुडग्याला हलके हिसके, एका वेळी एकच गोष्ट करून पाहायची. दोन गोष्टी एकदम केल्या की पुरावा नासतो.

स्पोर्ट्‌स कारला उभे राहण्याचाही शाप आहे, कारण ती आठवडे-आठवडे झाकून ठेवली जाते. गाडी बंद असताना 0.05 अँपिअरपर्यंत करंट जाणे सर्वसाधारण. तो अर्धा अँपिअर झाला, तर 60 अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते, आणि बॅटरी उतरली की निरोगी कॉम्प्युटरही खोटे कोड देऊ लागतात. ही गळती शोधताना फ्यूज उपटू नयेत. फ्यूज परत बसवला की झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा बिघडतो. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजला की त्यातून करंट जातो का ते कळते.

मुंबई-कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचे नट आणि कपलरच्या पिना लवकर गंजतात, त्यामुळे आधी मोजण्याचा हा नियम साध्या मोटारीला आणि स्कूटरलाही तितकाच लागू आहे. गॅरेजवाला ‘पार्ट बदलावा लागेल’ म्हणाला, तर बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग लोडवर मोजले का आणि आकडा किती आला, एवढे त्याला विचारा. ज्याच्याकडे आकडा आहे त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्या. ज्याच्याकडे नाही त्याला आधी मोजायला लावा, आणि त्या मोजण्याची मजुरी घासाघीस न करता द्या.