शेजाऱ्यांचे समूह आणि इंटरनेटचा कायदा

वसई-विरार परिसरातील सार्वजनिक व्यवहाराचा मोठा भाग आता मोबाइलवरील समूहांमधून चालतो. सोसायटीत पाण्याचा टँकर केव्हा येणार, विरार लोकल कुठे खोळंबली, पावसात नालासोपाऱ्याचा कोणता रस्ता पाण्याखाली गेला, इथपासून सामवेदी आणि वाडवळी बोलींतील शब्द व गाणी जपण्यापर्यंतची अनेक कामे या समूहांनी आपल्याकडे घेतली आहेत. हे समूह सांभाळणारी, सर्वजण जिला ‘ॲडमिन’ म्हणतात ती व्यक्ती बहुधा शेजारीच राहत असते आणि तिच्यामागे ना कार्यालय असते, ना पगार, ना सल्ला देणारा वकील. इंटरनेट सुरक्षित राहावे म्हणून केलेल्या कायद्यांचा भार अशा व्यक्तीवर किती पडावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ मोठ्या कंपन्यांचा उरत नाही. आणि या प्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधणारी एक घटना विरारच्या पुढे, डहाणू मार्गावरील पालघरमध्येच घडली.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाल्यानंतर मुंबई व परिसरातील व्यवहार बंद राहिले. या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला, एवढ्यावरून दोघींना अटक झाली व पहिल्या तरुणीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते; स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ अतिशय व्यापक होते, कारण संगणक किंवा मोबाइलवरून पाठवलेला मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ ठरला, अथवा खोटी ठाऊक असलेली माहिती कोणाला त्रास किंवा गैरसोय व्हावी या हेतूने वारंवार पाठवली, तर त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. मात्र आक्षेपार्ह कशाला म्हणावे आणि त्रास कशाला, हे कायद्याने कुठेही सांगितले नव्हते.

अटकेनंतर उसळलेल्या टीकेमुळे संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे तरुणींवरील खटलाही चालला नाही. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने अशा अटकेपूर्वी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, अशी सूचना राज्यांना केली. पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने दाखल केलेल्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. तरीही काही ठिकाणी या रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा स्पष्ट आदेश द्यावे लागले, यावरून कायद्यापेक्षा त्याची भीती अधिक काळ टिकते असे दिसते.

२०१५ च्या निकालाचा दुसरा भाग लहान समूहांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. इतरांनी लिहिलेला मजकूर साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या सेवेला माहिती तंत्रज्ञान कायदा ‘मध्यस्थ’ म्हणतो, आणि मध्यस्थाने ठरावीक दक्षता घेतली तर इतरांच्या मजकुराबद्दल त्याला जबाबदार धरू नये, असे संरक्षण याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये आहे. बेकायदा मजकुराची ‘माहिती’ मध्यस्थाला मिळाली असे केव्हा समजायचे, याबाबत न्यायालयाने न्यायालयीन आदेश किंवा सरकारी यंत्रणेची अधिसूचना हीच कसोटी मानली. त्यामुळे कोणीही तक्रार केली की मजकूर योग्य की अयोग्य याचा निवाडा मध्यस्थानेच करावा, ही अपेक्षा दूर झाली.

सुरक्षेची गरजच नाही, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार केले, आणि १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातीलच गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवांनी धास्तावलेल्या भागात, दोन साधू व त्यांच्या वाहनचालकाचा जमावाने जीव घेतला. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. अफवेचा वेग कमी करण्याचा हा उपाय यंत्रणेच्या रचनेतच होता आणि तो करण्याची ताकद कंपनीकडेच होती. गावातल्या ॲडमिनकडे ती कधीच नव्हती.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्यस्थांसाठी नवे नियम लागू केले. त्यांत ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर अनुपालन अधिकारी नेमणे, मासिक अहवाल देणे अशी जादा कर्तव्ये आहेत. परंतु या रेषेखाली पुन्हा पायऱ्या नसल्यामुळे ४० लाख सदस्यांच्या कंपनीला आणि बोलीभाषेवर चर्चा करणाऱ्या ४०० सदस्यांच्या संकेतस्थळाला मूलभूत कर्तव्ये सारखीच लागू होतात. नियमावली प्रसिद्ध करणे, तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे आणि सर्वसाधारण तक्रारी ठरावीक मुदतीत निकाली काढणे, ही त्यांतली काही कर्तव्ये होत. १९९६ साली सुरू झालेल्या मायबोलीपासून मराठी माणसांनी हौसेने व चिकाटीने संकेतस्थळे उभी केली. नोकरी सांभाळून रात्री असे काम करणाऱ्याला २४ तासांची मुदत पाळणे आणि मोठ्या कंपनीच्या विभागाने ती पाळणे यांत किती अंतर आहे, हे सांगण्याची गरज नाही.

व्हॉट्सॲपवरील समूहाचे गणित थोडे वेगळे आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका समूहात एका सदस्याने महिला सदस्याविषयी अश्लील भाषा वापरल्यानंतर ॲडमिनवरही गुन्हा नोंदवण्यात आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या कृत्याचे दायित्व ॲडमिनवर येत नाही, कारण सदस्य घेणे व काढणे एवढाच मर्यादित अधिकार त्याच्याकडे असतो आणि मजकूर येण्यापूर्वी तो अडवता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये असाच निर्णय दिला आणि ॲडमिन हा कायद्याच्या अर्थाने मध्यस्थ नाही, असे म्हटले. २०२२ मध्येच इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला मिळाली, त्यामुळे नियंत्रण वाढले की जबाबदारीही वाढते का, हा प्रश्न पुढे येणे स्वाभाविक आहे. मात्र आलेला संदेश पुसता येणे आणि येणारा संदेश रोखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि न्यायविचारात हा फरक जपला गेला पाहिजे.

हा ताण केवळ भारतातला नाही. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातील बेकायदा मजकुराविषयीची कर्तव्ये मार्च २०२५ पासून लागू झाली. त्यांचा भंग झाल्यास १.८ कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. स्वयंसेवकांनी चालवलेल्या काही लहान मंचांनी या धास्तीने बंद होण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात तेवढा दंड त्यांना होण्याचा संभव थोडाच होता, परंतु कायदा वाचून समजून घेण्याचा खर्चच त्यांना झेपणारा नव्हता.

म्हणून कर्तव्याचे माप नफा, आकार आणि प्रत्यक्ष नियंत्रण या तिन्हींवरून ठरावे, विनामोबदला चालणाऱ्या लहान समूहांसाठी सोप्या मराठीतील एकपानी नियमावली सरकारनेच तयार करून द्यावी आणि न्याय्य मुदतीत प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्याला कायद्याने संरक्षण द्यावे, ही मागणी रास्त ठरते. पालघरमध्ये ज्या मैत्रिणीने मजकूर लिहिलाही नव्हता, तिलाही कोठडी पाहावी लागली. केवळ सोबत असण्याला अपराध मानणारा कायदा शेजारधर्मच धोक्यात आणतो, आणि पुराच्या रात्री कोणत्या रस्त्यावर पाणी चढले हे एकमेकांना सर्वांत आधी कळवणारे समूह वसई-विरारमध्ये याच शेजारधर्मावर उभे आहेत.