जुनी यादी, नवा भाडेकरू

बॉथेल-रेडमंड भागातल्या मराठी घरांत भारतातून आलेल्या आई-वडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "तीन आठवडे एकच चूक शोधताय? एवढं काय असतं त्यात?" याचं उत्तर द्यायला २००८ सालचं एक गाजलेलं प्रकरण उपयोगी पडतं.

त्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी सुरू होती. ती वापरणाऱ्या काहींच्या कॉम्प्युटरमधलं इंटेलचं नेटवर्क कार्ड बंद पडू लागलं. जुनी आवृत्ती परत टाकूनही ते सुरू होईना. कार्डाचा पत्ता आणि सेटिंग ज्या छोट्या कायमच्या मेमरीत असतात, तिथलीच माहिती बिघडली होती.

पहिला संशय साहजिकच कार्ड चालवणाऱ्या 'ई१०००ई' या ड्रायव्हरवर आला. काहींनी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. खात्री करायची तर बिघाड पुन्हा घडवून आणायला हवा, आणि नेमका तोच हुकमी घडत नव्हता. घडलाच तर हातातलं कार्ड निकामी!

या ड्रायव्हरवर तेव्हा इंटेलचा पत्ता होता तो हिल्सबरोचा, म्हणजे बॉथेलहून गाडीने साडेतीन तासांवरच्या ओरेगनमधल्या गावाचा. इंटेलच्या मंडळींनी चोर सापडेपर्यंत वाट पाहिली नाही. आधी दाराला कुलूप लावलं. कार्डाच्या त्या मेमरीत कुणाला लिहिताच येऊ नये, असा बदल त्यांनी केला.

खरं कारण ऑक्टोबरमध्ये उलगडलं. दोष होता 'एफट्रेस' नावाच्या, नेटवर्कशी काहीही संबंध नसलेल्या सोयीत. कर्नलमधलं कुठलं काम केव्हा चालतं, याची नोंद ती ठेवते. त्यासाठी कोडमधल्या ठरावीक जागांची यादी करून ती नंतर तिथे बदल करते. पण काही कोड फक्त सुरुवातीला लागतो. मग ती जागा रिकामी होऊन दुसऱ्याला मिळते. कधीकधी ती नेमकी या कार्डाच्या वाट्याला येई. चाळीतला भाडेकरू बदलावा आणि रंगारी जुनी यादी घेऊन नव्याच्या खोलीत शिरावा, तसं झालं.

रंगारी बेपर्वा नव्हता. जुनाच मजकूर तिथे आहे ना, हे तपासूनच तो बदल करी. पण प्रोसेसरची ती सूचना मजकूर जुळला नाही तरी वाचलेलं परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने बिघडत नाही. हार्डवेअरच्या बाबतीत मात्र लिहिणं म्हणजेच हुकूम.

२.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला. ई१०००ई निर्दोष ठरला.

फटका एकाला, चूक दुसऱ्याची, आणि दोघांची गाठ पडणार ती जागा योगायोगाने जुळली तरच. तीन आठवडे जातात ते इथे.